कोथिंबीर वगळून

आधी शेवट सांगते. माझ्या मुलीला, मुक्ताला, रक्ताचा कर्करोग झाला होता. उपचार पूर्ण झाले. आज ती शाळेत गेली आहे आणि डबा ओट्यावर विसरून गेली आहे. ज्या आईबापांसाठी मी हे लिहिते आहे, त्यांना शेवट ठाऊक नसेल तर पुढची एक ओळ वाचवत नाही. मलाही वाचवत नव्हती, म्हणून शेवट वर घेतला.

डॉक्टर ‘बरी झाली’ हे शब्द अजून वापरत नाहीत. तपासण्या आणखी काही वर्षं चालतील. मी मात्र वापरते. सावध राहणं त्यांचं काम आहे. विसरलेला डबा शाळेत पोचवणं माझं.

औषधांबद्दल इथे काही नाही. प्रत्येक मुलाचं वेगळं असतं आणि ते सांगायला डॉक्टर आहेत. मला लिहायचं आहे ते शुश्रूषेबद्दल. म्हणजे हातांनी करायच्या कामांबद्दल, ती मला कोणी शिकवली त्याबद्दल, आणि मी त्यात कुठे माती खाल्ली त्याबद्दल.

निदानाचा दिवस

आम्ही सांगलीकडचे. माझे यजमान श्रीकांत केंद्र सरकारच्या नोकरीत, दर चार-पाच वर्षांनी बदली. कोलकात्याला आलो तेव्हा मुक्ता सहा वर्षांची होती. सॉल्ट लेकमध्ये क्वार्टर मिळालं, तिसरा मजला. खिडकीतून दमदम विमानतळावर उतरणारी विमानं दिसतात, चाकं मोजता येतील इतकी खाली. मुक्ताने त्यांची एक वही केली होती. वेळ, शेपटीवरचं चित्र, रंग. दिवसाला एक पान.

तिला दहावं लागलं त्या वर्षी एप्रिलमध्ये ती वही घेऊन खिडकीशी जायला उठेनाशी झाली. पाय दुखतात म्हणाली. मी म्हटलं, वाढीचं वय. ताप आला. मी म्हटलं, व्हायरल. नडग्यांवर निळे डाग दिसले. मी म्हटलं, कुठेतरी आपटली असेल. मी तेरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असतं. चौथं कारण शोधायच्या आत रक्ताचा रिपोर्ट आला, आणि फॅमिली डॉक्टरांनी तो हातात न देता आम्हाला थेट मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिथल्या डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी आजाराचं नाव एकदा स्पष्ट उच्चारलं, मग पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. माझ्या रडण्याची वाट बघत असाव्यात. मी विचारलं, “आज काय करायचं?”

“आज? आज भरती करायचं.”

“घरून काय आणू?”

त्यांनी एका कागदावर यादी लिहून दिली. टॉवेल, पुढून बटणं असलेले कपडे, मऊ ब्रश. त्या यादीचे उपकार मी विसरणार नाही. त्या दिवशी मला सहानुभूती नको होती, काम हवं होतं.

रडले का? रडले. घरी सामान आणायला गेले तेव्हा बाथरूममध्ये नळ सोडला आणि बादली भरेपर्यंत रडले. बादली भरल्यावर नळ बंद केला.

संध्याकाळी मुक्ताने विचारलं. कोलकात्यात वाढलेली मुलगी, तिचं मराठी जरा लंगडतं. “आई, मी मरून जाणार का?”

“तसं होऊ नये म्हणून आपण इथे आलोय. औषधं लांबलचक आहेत. डॉक्टर देणार, तू घेणार, मी बघणार.”

“आणि बाबा?”

“बाबा गाडी चालवणार.”

तिने थोडा विचार केला. “ठीक आहे. पण इथून विमानं नाही दिसत.”

खरंच दिसत नव्हती. वॉर्डाच्या खिडकीसमोर भिंत होती.

आपली माणसं

दुसऱ्याच दिवशी सांगलीहून दिरांचा फोन. “वहिनी, कलकत्त्यात कशाला ठेवलंय पोरीला? मुंबईला हलवा. आपली माणसं आहेत तिथे.”

श्रीकांत लगेच डळमळला. हॉस्पिटलच्या जिन्यात आमचं भांडण झालं, हलक्या आवाजात, कारण तिथे सगळेच हलक्या आवाजात भांडतात.

“तुला भाषा येत नाही, इथे कोण आहे आपलं?” तो म्हणाला.

“तिथे आहेत ते काय करणार? भेटायला येणार. शहाळी आणणार. मी त्यांना चहा करणार.”

“प्रत्येक गोष्टीची थट्टा करू नकोस.”

“मग डॉक्टरांना विचार, औषध तिथे वेगळं आहे का?”

त्याने विचारलं. औषध तेच होतं, फक्त हलवाहलवीत दिवस जाणार होते. आम्ही राहिलो. पण पुढचे चार दिवस आमच्यात तापाच्या आकड्याखेरीज बोलणं झालं नाही. त्यातून श्रीकांतला सुई बघवत नाही. पहिल्याच दिवशी तो पांढरा पडला, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणाले, “तू बाहेर थांब बाबा, नाहीतर सिस्टरांना एका खाटेवर दोन पेशंट होतील.” तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं. तसं बोलू नये. घाबरलेल्या माणसाला हसलं की तो दाराबाहेरच राहतो, आणि मग सगळं आपल्यालाच करावं लागतं. ते माझंच नुकसान झालं.

रत्नादी

मुलांच्या त्या वॉर्डात एक सिस्टर होत्या. त्यांना सगळे रत्नादी म्हणत, मीही तेच म्हणायला लागले. पन्नाशीच्या, बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा. रोज बजबजहून लोकलने यायच्या, पिशवीत मुरमुऱ्यांचा डबा. पहिल्या महिन्यात मी त्यांना हसताना पाहिलं नाही. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं, त्यांचं बंगाली वळणाचं, माझं मराठी. मला त्या ‘मुक्तार मा’ म्हणत, मुक्ताची आई. वॉर्डात आयांना स्वतःचं नाव नसतं. बरंच असतं ते.

मुक्ताच्या दंडातून एक बारीक नळी आत बसवली होती. बाहेर दोन बोटांएवढं टोक, त्याला एक चिमटा आणि एक झाकण. औषध तिथून जायचं, त्यामुळे दर वेळी सुई टोचावी लागत नसे. पण जंतूंनाही तोच सरळ रस्ता. ती नळी धुणं, तिच्यावरची पट्टी बदलणं, हे घरच्या माणसाला बिनचूक जमलं तर दोन औषधांच्या मधले दिवस मूल घरी राहू शकतं. नाही जमलं तर वॉर्डात. आमच्यासाठी इतकं सरळ होतं. मुक्ता भिंतीकडे बघणार की विमानांकडे, ते माझ्या दहा बोटांवर होतं.

रत्नादींची शिकवायची पद्धत अशी की हाताने जे करायचं ते तोंडाने बोलायचं. मोठ्याने, एकेक. “हात धुतले. नळ कोपराने बंद केला. कागदाने पुसले. पाकीट उघडलं, आतल्या भागाला हात लावला नाही.” एक शब्द राहिला की त्या म्हणायच्या, “आबार.” म्हणजे पुन्हा. पुन्हा म्हणजे हात धुण्यापासून. रबराच्या खोट्या हातावर मी हे किती वेळा केलं त्याची गणती नाही.

माझ्या बरोबरीने वॉर्डातल्याच रुबिनाची आई शिकत होती. डायमंड हार्बरच्या पलीकडच्या गावची, लिहिता-वाचता न येणारी. ती गाणं म्हटल्यासारखं म्हणायची आणि तिसऱ्या दिवशी पास झाली. मला अकरा दिवस लागले, कारण मी मधेच थांबून “हे मला माहीत आहे” म्हणायचे.

रत्नादी म्हणाल्या, “माहीत डोक्याला आहे. हाताला सांगा. आबार.”

मला राग आला होता. तेरा वर्षं मी पोरांना जंतू शिकवले होते. बाराव्या दिवशी मी मुक्ताला घेऊन घरी आले. गाडीतून उतरताना डोक्यावरून एक निळं विमान गेलं आणि मुक्ता म्हणाली, “वही कुठे आहे?”

डबा

वॉर्डाचा खाण्याचा नियम एकच होता. औषधांमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात, त्या दिवसांत कच्चं काही नाही. सगळं शिजवलेलं, ताजं, गरम. मी घरात कायदाच केला. काकडी, टोमॅटो, गाजर हद्दपार. सफरचंदसुद्धा उकडून. दही बंद. पोहे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवायचे. श्रीकांतला डायनिंग टेबलावर केळं सोलायलाही बंदी होती.

जूनमध्ये एका दुपारी मुक्ताचं कपाळ गरम लागलं. थर्मामीटरचा आकडा वॉर्डाने सांगितलेल्या रेषेच्या वर. नियम होता, तासाच्या आत पोचायचं. पोचलो. त्यानंतर तीन दिवस काय चाललं होतं ते मी लिहीत नाही. फक्त एवढंच, की दुसऱ्या दिवशी मुक्ता माझ्याशी बोलत नव्हती. रुसली नव्हती, तिच्यात बोलण्याइतकं त्राण नव्हतं. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि ती म्हणाली, “मला साबुदाणा नको पाहिजे.” एवढं चुकीचं आणि एवढं गोड मराठी मी आयुष्यात ऐकलं नाही.

त्या दुपारी रत्नादी माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. नळी तपासली होती, जंतू नळीवाटे आलेले नव्हते. मग कुठून आले?

“कच्चा कुछ दिया?”

“नाही. शपथेवर सांगते.”

“ताप आला त्या दिवशी सकाळी काय दिलं?”

“पोहे.”

“ओ, चिंड़ेर पोलाव,” त्या म्हणाल्या. बंगाल्यांकडे पोह्यांचा तसा एक प्रकार असतो. “करून दाखवा. तोंडाने.”

मला हसू आलं. पोहे काय तोंडाने करायचे? पण वाद घालायची ताकद नव्हती. मी सुरू केलं. “हात धुतले. पोहे उकळलेल्या पाण्यात भिजवले. तेल तापवलं. मोहरी, कढीपत्ता, मिरची. कांदा शिजवला. बटाटा शिजवला. दाणे. हळद. पोहे घातले. झाकण ठेवून दोन वाफा आणल्या. गॅस बंद केला.”

“फिर?”

“फिर काय? डब्यात भरले.”

“गॅस बंद केला आणि डब्यात भरले. मध्ये काही नाही?”

“नाही. म्हणजे वर ते आपलं... धनिया.”

“पकाया?”

“धनिया कौन पकाता है?” मी म्हणाले.

आणि मग मला ऐकू आलं, मी काय म्हणाले ते.

मीच पुढे बोलत गेले, आता थांबता येईना. पोह्यांवर कोथिंबीर आणि ओलं खोबरं. वर लिंबू पिळायचं, तेही ताटात. आमटीवर कोथिंबीर. उपम्यावर कोथिंबीर. बटाट्याच्या भाजीवर. मुगाच्या खिचडीवर खोबरं. दिवसातून तीनदा, घरी आल्यापासून रोज. सफरचंद उकडणारी बाई पोरीच्या प्रत्येक घासावर स्वतःच्या हाताने कच्चा पाला पेरत होती.

मी लपवलं नव्हतं. मला ते दिसतच नव्हतं. आमच्या घरात कोथिंबीर हा पदार्थ नाही. ती शेवटची क्रिया आहे, गॅस बंद करण्यासारखी. मोहरी मी मोजली, हळद मोजली, कोथिंबीर कधी स्वयंपाकात मोजलीच नाही.

“धुतलेली होती,” मी म्हणाले.

“नळाच्या पाण्याने.”

“हो.”

ताप कोथिंबिरीनेच आला असं कोणी सिद्ध केलेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, अशा दिवसांत ताप कशानेही येऊ शकतो, पोटातल्या स्वतःच्या जंतूंनीही येतो. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाचणाऱ्या आयांनी प्रत्येक तापाला स्वतःच्या हातात कारण शोधू नये. पण मला कोणीतरी दोष द्यायला हवा होता, आणि कोणी देईना. शेवटी मी रत्नादींना म्हणाले, “बोला काहीतरी मला.”

त्या उठल्या, चष्मा पुसला. “बोलून काय होणार? चूक सापडली. अब आबार.”

स्वयंपाकघराची परीक्षा

पुढचं औषध लांबलं. आम्हाला लगेच घरी सोडलं नाही. मुक्ता पुन्हा भिंतीसमोर. वही तिने आणायला लावली होती. ताप उतरला त्या दिवसापासून रोज एक पान उलटून नुसती तारीख टाकायची, खाली कोरं.

रत्नादींनी मला नवी परीक्षा लावली. रोज दुपारी, त्यांची ड्यूटी संपायच्या आधी दहा मिनिटं, मी एक पदार्थ तोंडाने करायचा. थालीपीठ, मऊ भात, पिठलं. मी सांगायचे आणि त्या ज्या गोष्टी मला दिसत नव्हत्या नेमक्या त्या विचारायच्या. चव बघितलेला चमचा परत भांड्यात गेला का? ज्या फडक्याने ओटा पुसला त्यानेच ताट पुसलं का? लोणचं वाढायला हात कोणता? मला वाटायचं आपण स्वच्छ माणसं. रोज काहीतरी निघायचं. रुबिनाची आई शेजारच्या खाटेवरून ऐकायची आणि एकदा म्हणाली, “दीदी, तुमच्याकडे एवढं शिजवून शेवटी गवत का टाकतात?” सगळा वॉर्ड हसला. रत्नादी पहिल्यांदा हसल्या. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी.

श्रीकांत दाराशी उभा राहून हे सगळं ऐकायचा. मला वाटलं तो वेळ काढतोय.

आम्हाला घरी सोडलं त्या दिवशी मी फ्रिजमधली कोथिंबीर, जुडीच्या जुडी, कचऱ्यात टाकली. पुढे ती घरात आली नाही.

अष्टमी

ऑक्टोबरात पूजा आली. दुर्गापूजेच्या दिवसांत हे शहर घरात बसत नाही, आणि आम्हाला गर्दीत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. आमच्या वस्तीच्या मांडवातला ढाक, म्हणजे इथला मोठा ढोल, सकाळपासून घुमत होता. मुक्ता नवा कुर्ता घालून खिडकीत बसली होती. केस गेलेले, त्यावर ओढणीचा फेटा, तिनेच बांधलेला.

दुपारी जेवायच्या आधी कुर्ता काढताना तिची बाही नळीच्या टोकात अडकली. तिने ओढली. झाकणाला तडा गेला.

“आई,” ती म्हणाली. ओरडली नाही. “रक्त येतंय नळीत.”

मी वळले. माझं डोकं रिकामं झालं होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. काहीच आठवेना. पण तोंड सुरू झालं.

“चिमटा बंद केला,” माझं तोंड म्हणालं, आणि बघते तर हाताने तो केलेलाही होता.

“हात धुतले. नळ कोपराने बंद केला.”

“कागदाने पुसले,” मुक्ता म्हणाली. तिला सगळं पाठ होतं.

“नवीन झाकण,” मागून आवाज आला. श्रीकांत. हातात सामानाचा डबा, चेहरा पांढराफटक. “पाकीट फाडतोय. आत हात लावत नाहीये. घे.”

मी घेतलं. टोक पुसलं, वाळू दिलं, झाकण बसवलं, नळी धुतली. तिघांनी आळीपाळीने बोलत. शेवटी मुक्ताने विचारलं, “बाबा, तुला चक्कर येते का?”

“येतेय,” तो म्हणाला. “नंतर येऊ दे.”

तरीही दाखवायला जाणं भाग होतं. अष्टमीच्या दुपारी सॉल्ट लेकमधून बाहेर पडणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे. निम्मे रस्ते बंद, उरलेल्या निम्म्यांवर माणसं. पण श्रीकांतने पूजेच्या आधी दोन रविवार घालवून कुठला रस्ता कधी बंद होतो त्याचा नकाशा काढून ठेवला होता. मला सांगितलं नव्हतं, बहुधा मी थट्टा करेन म्हणून. गल्ल्यागल्ल्यांतून, एका कालव्याच्या कडेने, तो आम्हाला तासाच्या आत घेऊन गेला. बाबा गाडी चालवणार, असं मी म्हटलं होतं. ते एवढं मोठं काम असेल याची मला कल्पना नव्हती.

रत्नादींनी नळी पाहिली. झाकण पाहिलं. टोक उजेडाकडे धरून पाहिलं. रक्त तपासायला पाठवलं. मी ‘आबार’ची वाट बघत उभी होते.

“कोणी केलं?”

“आम्ही तिघांनी.”

त्यांनी श्रीकांतकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मुक्तार बाबा? सुई देखके गिरनेवाला?”

“तेच,” मी म्हणाले. “आज गिरे नहीं.”

“काही करायचं शिल्लक नाही,” त्या म्हणाल्या. “रिपोर्टचा फोन करते. ताप आला तर या. आता घरी जा. जाताना तुमच्या मांडवाच्या मागच्या बाजूने जा, मागे गर्दी नसते.”

तसंच गेलो. मांडवाच्या मागे गाडी उभी केली, काचा बंद. मुक्ताने काचेवर तळवा टेकवला. “आई, हात लाव. ढाक हाताला लागतो.” मी लावला. खरंच लागत होता.

ताप आला नाही.

परवानगी

जानेवारीत नळी निघाली. निघायला चार क्षण लागले. मुक्ताने ती पट्टीने मोजून घेतली. पुढे जवळजवळ दोन वर्षं गोळ्या होत्या. लांबलचक, कंटाळवाणा काळ. कंटाळा ही चैन आहे, हे तेव्हा कळलं. ती शाळेत परत गेली, केस आले, आधी होते त्यापेक्षा कुरळे. विमानांची वही मात्र सुटली, मैत्रिणी मिळाल्यावर. मला वाईट वाटलं नाही.

नळी निघाल्यानंतर काही महिन्यांनी डॉक्टरांनी कच्चं खायला परवानगी दिली. नीट धुवून, घरचं. मुक्ताने त्याच दिवशी काकडी खाल्ली. पेरू, गाजर, सगळं घरात आलं. कोथिंबीर आली नाही. फोडणीतही नाही, वरही नाही. पोहे पिवळेच राहिले. श्रीकांत म्हणायचा, “बाजारात कोथिंबीर दिसली की सवत दिसल्यासारखी मान फिरवतेस.” मी म्हणायचे, चवीत काही फरक पडत नाही. खोटं होतं ते, पोह्यांनाही माहीत होतं.

गेल्या डिसेंबरात शेवटची गोळी संपली. त्यानंतरच्या एका रविवारी मी रत्नादींना घरी जेवायला बोलावलं. त्या सुट्टीच्या दिवशी बजबजहून लोकलने, मग मेट्रोने आल्या. फोनवर म्हणाल्या होत्या, “तुमचं ते चिंड़ेर पोलाव करा, एवढे दिवस फक्त कानांनी खाल्लंय.”

आल्या, बूट काढले, पिशवीतून ओल्या वर्तमानपत्राची गुंडाळी काढली आणि ओट्यावर ठेवली. त्यांच्या अंगणातली कोथिंबीर. मुळांसकट, मुळांना मातीसकट.

“ही असू दे,” मी म्हणाले. “नंतर चटणी करेन. शिजवून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फ्रिज उघडला, विचारलंही नाही. खालचा कप्पा बघितला, बंद केला. “डॉक्टरांनी कच्चं कधी सुरू करायला सांगितलं?”

“दीड वर्ष झालं असेल.”

“और आप?”

मी गुंडाळी ओट्याच्या कडेला सरकवली. मुक्ता दारात उभी होती. तेरावं लागलेलं, माझ्या कानापर्यंत उंची आलेली. “रत्नादी, आई टाकतच नाही. मी सांगून थकले.”

“तर तू कर,” रत्नादी म्हणाल्या. “तोंडाने बोल.”

मला त्यांनी हात धरून स्टुलावर बसवलं, अडीच वर्षांपूर्वी वॉर्डात स्वतः बसल्या होत्या तशा. मुक्ताने बाह्या वर केल्या. दंडावर नळीची खूण आहे, मसुराच्या दाण्याएवढी.

“हात धुतले,” ती म्हणाली. “कोथिंबीर धुतली. एक पाणी. दोन पाणी. तीन पाणी. मुळं कापली. पानं निवडली. अजून एकदा धुतली, प्यायच्या पाण्याने. चिरली.” सुरी तिच्या हातात जरा तिरकीच चालत होती. वास आला. एवढ्या दिवसांनी घरात तो वास आला, आणि मी आधी मान फिरवली, मग मला भूक लागली.

पोहे मी आधीच गॅसवर ठेवले होते, त्यांना दुसरी वाफ आली. “गॅस बंद केला,” मुक्ता म्हणाली. झाकण काढलं. वाफ वर गेली. मूठ भरून ती थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

“थांबलीस का? बोल,” रत्नादी म्हणाल्या.

“वर कोथिंबीर घातली,” मुक्ता म्हणाली. “कच्ची.” आणि मूठ उघडली.

पातेल्यात हिरवं पसरलं. थोडंसंच होतं, पोर अजून हात राखून होती.

रत्नादींनी वाकून पातेल्यात पाहिलं.

“आबार,” त्या म्हणाल्या.